ट्रेकला तंबूऐवजी हॅमॉक नेणारं कोणी आहे का इथे?

उनाड_ठाणेकर | १९ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेली बारा वर्षं सह्याद्रीत भटकतोय, पण स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, वजन ७८, कमरेतला एक मणका रुसलेला. कॅरीमॅटवर (गुंडाळून नेतात ती फोमची चटई) झोपलो की सकाळी आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर आणि मग शेजारच्याचा खांदा धरून असा तीन टप्प्यांत उभा राहतो. शिवाय मी घोरतो. ग्रुपमधलं कोणी माझ्या तंबूत यायला तयार नसतं, त्यामुळे दोन माणसांचा अडीच किलोचा तंबू मी एकटाच वाहतो आणि एकटाच झोपतो.

म्हणून गेल्या महिन्यात एक हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची कापडी झोळी, ऑनलाइन मागवला. १,१९९ रुपये. सोबत नायलॉनच्या दोन दोऱ्या आणि वाकडे लोखंडी हुक. मुरबाडजवळ आमचं गाव आहे, तिथे परसात बांधला. एका बाजूला आंबा, दुसऱ्या बाजूला शेवगा. हसू नका. आई ओसरीवरून म्हणाली, "अरे, शेवग्याला..." एवढंच मी हवेत असताना ऐकलं. उरलेलं वाक्य जमिनीवर ऐकलं.

शेवगा मोडला तो मोडलाच, पण त्याआधीची दहा मिनिटंही काही सुखाची नव्हती. केळ्यासारखा वाकलो होतो. कापड दोन्ही खांदे आत दाबत होतं आणि गुडघे उलट्या बाजूला ताणले जात होते. यात लोक रात्र काढतात?

मे अखेरीला राजमाचीला काजवे बघायला जायचंय आणि डिसेंबरात नाणेघाटाच्या बाजूला. तोवर हे प्रकरण जमवावं की तंबूशीच संसार करावा? हॅमॉक सोडून आणखी काय काय लागतं, किती वजन होतं, पावसाचं आणि डासांचं काय करता? आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे ही दोन झाडं सापडतात कुठे? मला तर गडांवर पठार आणि कारवीच आठवते.

शिंकाळे_बुवा | १९ एप्रिल, रात्री १०:४०

जरा बिबट्याच्या बाजूनेही विचार करा. तंबूतला माणूस म्हणजे डब्यातला ऐवज, झाकण उघडायची कटकट. हॅमॉकमधला माणूस म्हणजे शिंक्यातलं लोणी.

गंमत सोडा, पण गडावर गुहा असते, पायथ्याला मारुतीचं देऊळ असतं. झोपायला झाडं शोधत फिरायचं म्हणजे घरी अंथरूण असताना खुंटीला लटकण्यासारखं आहे.

काटेसावर | २० एप्रिल, रात्री ११:०५

बुवांचं हसून झालं असेल तर बोलते. आणि दादा नव्हे हं, ताई. मागच्या धाग्यावर तिघांनी "काटेसावरदादा" करून टाकलं होतं.

मी इचलकरंजीची. घरी दोन पिढ्यांचे यंत्रमाग होते. माग गेले, शिलाईमशीन राहिलं. पिशव्या, बॅगांची अस्तरं, ताडपत्रीची कामं करते. सहा वर्षांपूर्वी पोरगा ट्रेकला जायला लागला, त्याच्यासाठी म्हणून हॅमॉक शिवला आणि मीच ढापला. आजवर नऊ शिवलेत, त्यातले दोन फाडलेत. तेव्हा कापडाबद्दल जरा जास्त बोलेन. कंटाळा आला तर पुढं सरका.

आधी तुम्ही केळं का झालात ते. टेप घेऊन कापड मोजा, साडेआठ-नऊ फुटांच्या वर नसणार. तो बागेत पोरांनी झुलायचा प्रकार. मोठ्या माणसाला रात्रभर झोपायला ११ फूट लांब आणि ५ फूट रुंद कापड पाहिजे. आणि तुम्ही तो खाटेच्या नवारीसारखा ताणून बांधला असणार. पहिल्यांदा सगळे तेच करतात. आपल्या आज्या साडीची झोळी बांधून पोर निजवायच्या, ती कधी ताठ बघितलीय? चांगली खोल असायची आणि पोर त्यात तिरकं पडलेलं असायचं. हीच तर सगळी विद्या. डोकं मधल्या रेषेच्या डाव्या अंगाला वीतभर, पाय उजव्या अंगाला वीतभर. तसं तिरकं झालं की अंगाखालचं कापड सपाट होतं आणि पाठ सरळ पडते. माझ्या कमरेला हे सोसतं. तुमच्या मणक्याला सोसेल का ते डोंगरात नाही, गावी परसात चार रात्री झोपून ठरवा. या खेपेला आईला विचारून झाड निवडा.

पट्टा झाडापासून झोळीकडं उतरतो तो जमिनीशी ३० अंशांत हवा. कोनमापक न्यायला नको. तर्जनी आडवी धरा, अंगठा उभा करा, अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ म्हणजे साधारण तेवढा उतार. हे नुसतं आरामासाठी नाही. ३० अंशांत तुमचे ७८ किलो असतील तर दोन्ही टोकांना ७८-७८ किलोचाच ताण येतो. तोच पट्टा ताणून १० अंशांवर आणलात की प्रत्येक टोकाला सव्वादोनशे किलोच्या आसपास. माणूस तोच, झाड तेच. आता सांगा, शेवग्याचा काय दोष? (तसा थोडा आहे. शेवग्याचं लाकूड म्हणजे भिजलेला पुठ्ठा.)

रोज कोन बघायचा कंटाळा असेल तर झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी दोरी कायमची अडकवून टाका. झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के, म्हणजे ११ फुटांना ९ फूट दीड इंच. झाडं जवळ असोत की लांब, झोळीची खोली रोज तीच राहते. मच्छरदाणी हिच्यावरच टाकायची, चष्मा आणि बॅटरीही हिलाच टांगायची. दीडशे रुपयांच्या आत काम होतं आणि विकतच्या स्वस्त हॅमॉकला नेमकी हीच नसते.

सोबत आलेल्या दोऱ्या विहिरीला वापरा. बारीक दोरी सालीत रुतते, झाडाला चर पडतो. पट्टा किमान एक इंच रुंद हवा, मी दोन इंची वापरते. आणि पॉलिएस्टरचा, नायलॉनचा नको. नायलॉन वजनानं ताणतो. रात्री नऊला दीड फूट वर झोपलेला माणूस पहाटे बूड टेकवून बसलेला मी बघितलाय. ट्रकवर माल आवळायचे पट्टे विकणारी दुकानं प्रत्येक गावात असतात, पुण्यात बोहरी आळीत बघा. १५ फुटांचे दोन कापून घ्या आणि टोकाला फास शिवून घ्या. ते वाकडे हुकही काढून टाका, किती वजन पेलतो ते कोरलेले दोन कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात त्या उघडझाप कड्या) घ्या. चावीच्या कडीला असतात ते नव्हेत! झाडांमध्ये १२ ते १५ फूट अंतर, पट्टा डोक्याच्या उंचीला, बसल्यावर बूड दीड फूट वर. झालं.

कापडाला विचारताना डेनियर विचारा. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. झोळीला ७० डेनियरचं नायलॉन रिपस्टॉप पुरतं. यात दर काही धाग्यांनंतर एक जाड धागा उभा-आडवा घातलेला असतो, त्यामुळं चौकडी दिसते आणि भोक पडलं तरी फाट पळत नाही. दुकानदार "पॅराशूट" म्हणून काहीही गळ्यात मारतो, चौकडी नखानं चाचपून घ्या. अंगाखाली नायलॉन बरं, कारण ते मऊ असतं. वरच्या ताडपत्रीला मात्र पॉलिएस्टर. नायलॉन भिजला की सैल पडतो आणि मध्यरात्री उठून दोऱ्या आवळत बसावं लागतं.

आता खरी गोष्ट. ही तुम्ही विचारलीच नाही, कोणीच विचारत नाही.

चंदगडला मैत्रिणीचं काजूचं रान आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मोहर नुकता फुटत होता तेव्हा, मी पहिल्यांदा थंडीत बाहेर झोपले. स्लीपिंग बॅग चांगली जाड होती. बारापर्यंत राणीसारखी झोप. दोनला जाग आली ती पाठीखाली कोणी ओली फरशी सरकवल्यासारखी. छाती गरम, गाल गरम, आणि खांद्यांपासून मांड्यांपर्यंत मागची बाजू गार पडलेली. कुशीवर वळले तर कूस गार. बॅगेतला कापूस अंगाखाली दबून पापडासारखा झाला होता. दबलेल्या कापसात हवा राहत नाही, आणि हवा नाही तर ऊब कुठली. वरून झोळी अधांतरी, खालून वारा मोकळा. शेवटी पोराच्या गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा आणला आणि पाठीखाली घातला. रात्रभर हललं की चिवड्याच्या पाकिटासारखा आवाज. पण झोप लागली.

तेव्हा थंडीत खालून पांघरूण लागतं. बाहेरचे लोक त्याला अंडरक्विल्ट म्हणतात, मी खालची वाकळ म्हणते. ती झोळीच्या आत नाही, बाहेरून, पोटाला लागून टांगायची. मग ती दबत नाही. मी रजईत घालतात त्या पॉलिएस्टरच्या थराचे दोन पदर पातळ कापडात शिवलेत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत साडेचार फूट, दोन्ही टोकांना नेफा आणि त्यात इलॅस्टिक. फट राहिली तर वारा शिरतो, फार आवळली तर परत पापड. एवढा खटाटोप नको असेल तर कॅरीमॅट आत घाला, पण ती रात्रभर साबणासारखी सरकते. दोन थरांची झोळी असेल तर थरांच्या मध्ये खुपसायची, मग बरी राहते. मे महिन्यात राजमाचीला यातलं काही लागणार नाही. डिसेंबरला मात्र याशिवाय जाऊ नका.

वजनाचं आज काट्यावर ठेवून बघितलं. झोळी ४६०, पट्टे ३१०, ताडपत्री ७८०, मच्छरदाणी २६०, खुंट्या-दोऱ्या १९०, खालची वाकळ ६५०. म्हणजे २ किलो ६५० ग्रॅम, तुमच्या तंबूपेक्षा दीडशे जास्तच. उन्हाळ्यात वाकळ काढली की बरोबर दोन किलो. हॅमॉक हलका पडतो असं जे सांगतात ते नुसती झोळी मोजतात आणि बाकीचं विसरतात. हलकं व्हायला म्हणून घेणार असाल तर घेऊच नका. कमरेसाठी घ्या, उतारावर आणि दगडगोट्यांवर झोपता येतं म्हणून घ्या.

पावसाचं उद्या लिहिते. दुकानात लग्नसराईच्या पिशव्यांचा ढीग पडलाय.

घाटवाटेचा_गडी | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

ताईंनी सामानाचं सांगितलं, मी झाडांचं सांगतो. मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला. ट्रेकर लोकांना जेवण-मुक्काम देतो, वाट दाखवतो.

पठारावर झाडं नाहीत हे खरं. पण घाटमाथ्याच्या कडेला, गावांच्या परसात, बांधावर भरपूर आहेत. फक्त ती कोणाची तरी आहेत. पाहुण्यांना रान दिसतं, आम्हाला त्यात नावं दिसतात. हा आंबा अमक्याचा, ते जांभूळ तमक्याचं. आमच्याकडे हिरडा असतो. कोवळा हिरडा झाडून, वाळवून विकतात, त्याला बाळहिरडा म्हणतात. कित्येक घरांचं वर्षाचं मीठमिरची त्यावर चालतं. मागे एक ग्रुप आला आणि मोहरलेल्या हिरड्याच्या फांद्या छाटून जागा केली. वर मला म्हणतात, जंगलातलं झाड आहे. आधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही. उलट चांगली जागा दाखवतील.

देवराईत बांधू नका. तिथे आम्ही पडलेली काटकीसुद्धा उचलत नाही.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, हे हॅमॉकलाही लागू आहे. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही सगळी अभयारण्यं आहेत. वासोट्याला तर सकाळी बोटीने जाऊन संध्याकाळी परत यावंच लागतं. "मी जमिनीला टेकलोच नाही साहेब" असं एकाने गार्डला सांगितलं होतं. दंड भरून आला.

झाड निवडताना आंबा, जांभूळ, ऐन, साग यांचा जिवंत बुंधा घ्यायचा, मांडीएवढा तरी जाड. फांदीला बांधायचं नाही. पांगारा, शेवगा, सावर नको (ताई, नावावर जाऊ नका). उंबर दिसायला दांडगा, पण त्याच्या फांदीचा भरवसा नाही. मग मान वर करून बघायचं, हे उजेडातच. एक तर वाळकी फांदी. वळवाच्या वाऱ्यात ती आधी खाली येते. दुसरं, आग्या मोहोळ. ते दिसलं तर चूल आणि धूर लांब, तुम्ही त्याहून लांब. तिसरं, आंब्यावर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरं, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात. तुमचा पट्टा म्हणजे त्यांना झाडावरून झाडावर जायला नवीन रस्ता.

विजा कडाडत असतील तर माळावरच्या एकट्या झाडाखालून उठायचं आणि गावात यायचं. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग कसे चढतात ते बघून मगच बांधायचं ठरवा.

बिबट्याचं विचारलंत म्हणून. आमच्याकडे बिबटे उसात जास्त. पण खाण्याचं सामान आणि कुत्रं हॅमॉकखाली ठेवून झोपू नका. बूट उलटे करून पट्ट्याला टांगा, सकाळी झटकून घाला.

व्हर्जिनियाकर | २१ एप्रिल, रात्री ८:५०

वाखु (वाचनखूण) साठवली. काटेसावरताई, दंडवत.

इथे अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेलवर हॅमॉकवाले खूप दिसतात, कारण जॉर्जियापासून मेनपर्यंत ३,५०० किलोमीटरची ती वाट बहुतेक झाडीतूनच जाते. जमीन म्हणजे नुसती मुळं आणि धोंडे, तंबूपुरती सपाट जागा मिळवायला मारामार. अशा ठिकाणी दोन झाडं पटकन मिळतात. रॉकीज पर्वतात वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडं वाढतच नाहीत तिथे गेलो तेव्हा तोच हॅमॉक जमिनीवर पसरून, वर ताडपत्री टाकून झोपलो. म्हणजे तिथे त्याचा उपयोग महागड्या चादरीएवढा. तेव्हा पठारावर जाणार असाल तर तंबू विकू नका.

एक भर. खालच्या वाकळीत इथे बदकाची पिसं भरतात. हलकी, उबदार आणि महाग. पण ती ओली झाली की फुगत नाहीत आणि ऊबही जाते. सह्याद्रीतल्या धुक्याचा दमटपणा बघता ताईंचा पॉलिएस्टरचा थरच बरा. परदेशातून पिसांची मागवायच्या भानगडीत पडू नका.

काटेसावर | २१ एप्रिल, रात्री ११:४०

घाटवाटेच्या भाऊंनी ओंबिलांचं सांगितलं ते वहीत लिहून ठेवा.

आता पाऊस. ताडपत्री झोळीच्या वरच्या दोरीपेक्षा दोन्हीकडं फूटभर तरी पुढं यायला हवी. १० बाय १० फुटांचा चौकोनी तुकडा असेल तर तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टांगा, कर्ण १४ फुटांचा मिळतो. मग डोक्याकडं-पायाकडं भरपूर, पण कुशीला कमी. सरळ वळवाला पुरतं. जुलैतल्या आडव्या पावसाला नाही पुरत, आणि जुलैत मी जातही नाही. ताडपत्री झोळीच्या शक्य तितकी जवळ आणा आणि वाऱ्याची बाजू जमिनीला टेकवा.

पण ताडपत्री कितीही मोठी असली तरी पाणी झाडाच्या बुंध्यावरून पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून चालत तुमच्या उशाशी. आंबोलीच्या एका रात्री मी बॅटरी धरून हे बघत बसले होते. पट्ट्याच्या खालच्या कडेला एक थेंब धरायचा, मुंगीसारखा सरकत यायचा, बकलापाशी थबकायचा आणि मागचा थेंब येऊन त्याला ढकलायचा. उपाय फुकटचा आहे. झोळीच्या अलीकडं, ताडपत्रीच्या आडोशात, पट्ट्याला बुटाची नाडी बांधून खाली लोंबती सोडा. थेंब नाडीवर उतरतो आणि जमिनीवर पडतो. दोन्ही बाजूंना बांधा. मी एकदा एकाच बाजूला बांधली आणि पाय भिजवून घेतले.

उनाड_ठाणेकर | २२ एप्रिल, सकाळी ९:१५

ताई, भाऊ, व्हर्जिनियाकर, मनापासून आभार. कापड मोजलं. ८ फूट ८ इंच. तुम्ही इचलकरंजीत बसून कसं ओळखलंत?

आता असं ठरतंय की पुतण्याला तो झुलायला देतो आणि ११ फुटांचा नवा शिवतो. बायकोचं मशीन आहे, मला सरळ शिवण येते. मुंबईतून रिपस्टॉप मागवलंय. टोकं कशी बांधायची तेवढं सांगा.

काटेसावर | २२ एप्रिल, दुपारी ३:२०

परकराला नेफा करतो तसाच. लांबीच्या कडा नुसत्या दुमडून एक टीप. आखूड बाजूला दीड इंचाचा नेफा, कापड दोनदा आत घेऊन, त्यावर तीन टिपा शेजारी-शेजारी. त्यातून नाडी ओवतो तशी डायनिमाची (न ताणणारी, फार मजबूत) दोरी ओवायची आणि चुण्या घट्ट आवळायच्या. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, कुजतो. सुई नवी लावा, बोथट सुई रिपस्टॉपचे धागे तोडते. पहिल्यांदा बसताना खाली गादी टाका आणि हळूहळू वजन द्या. धपकन बसायचं नाही!

उनाड_ठाणेकर | ९ जून, रात्री ९:५५

धागा वर काढतोय, कारण हिशोब द्यायचा राहिलाय.

परसात चार नाही, सहा रात्री झोपलो. पहिल्या रात्री तिरकं झोपायचं विसरलो आणि परत केळं. दुसऱ्या रात्रीपासून जमलं. सकाळी एका टप्प्यात उठतो आता. आई म्हणते, चाळिशीत पोरगं पाळण्यात गेलं.

गेल्या शनिवारी राजमाची. कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांवरून चढलो, पाठीवर पाण्यासकट साडेदहा किलो. गावात ज्यांच्याकडे जेवण सांगितलं होतं त्यांनाच विचारलं, झोळी बांधू का. मावशींनी आधी पट्टा हातात घेऊन ओढून बघितला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "जांभळाला बांध, आंब्यावर मुंग्या हायेत." जांभळापासून दुसरं झाड होतं २० फुटांवर आणि आंबा होता १३ वर. मी आंब्यालाच बांधलं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. साडेआठला पट्ट्यावरून त्यांची रांग सुरू झाली आणि पहिली चावली ती मानेला. सगळं सोडवलं, झटकलं, काळोखात दोघं पोरं बॅटरी धरून उभी. २० फुटांवरचं झाड घेतलं, १५ फुटांचे पट्टे होते म्हणून निभावलं. पट्टे बरेच वर बांधावे लागले, मावशींच्या मुलाच्या पाठीवर चढून. पण वरच्या दोरीमुळे झोळी तशीच खोल राहिली. ती दीडशे रुपयांची दोरी कसली भारी आहे!

दहा वाजता ताडपत्री एका बाजूने गुंडाळून पडलो. समोरच्या उतारावर एकच झाड आधी लखलखायचं, मग शेजारचं, मग पुढचं, असं करत ओढ्यापर्यंत. तंबूच्या जाळीतून हे कधी दिसलं नव्हतं. एक काजवा मच्छरदाणीवर येऊन बसला, चेहऱ्यापासून दोन वितींवर. तो लुकलुकला की जाळीची भोकं मोजता येत होती.

पावणेतीनला वळीव आला. ताडपत्री ओढून घेतली, नाड्या बांधलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना, ताई. पडल्या-पडल्या हात बाहेर काढून चाचपलं, नाडी ओली, पट्ट्याचा आतला भाग कोरडा. खुशीत झोपलो. सकाळी कळलं, बूट उलटे टांगायचे राहिले होते आणि त्यात पेलाभर पाणी.

घोरण्याचं म्हणाल तर ग्रुपने मला पन्नास पावलं लांब टांगलं होतं. तरी तक्रार आलीच.

डिसेंबरसाठी खालची वाकळ शिवायला घेतोय. थर एक घालू की दोन? आणि इलॅस्टिक किती रुंद?

काटेसावर | ९ जून, रात्री ११:१०

मानेला कांदा चोळलात का? असो.

नाणेघाटाला डिसेंबरात दोन थर. इलॅस्टिक अर्धा इंची, पण शेवटच्या कडेला न शिवता गाठीनं ठेवा, म्हणजे सैल-घट्ट करता येतं. थर आत गोळा होऊ नये म्हणून वीत-वीत अंतरावर आडव्या टिपा मारा, वाकळीला धागे घालतो तशा. पण टिपेच्या जागी थर दबतो आणि तिथून गार लागतं, म्हणून फार जवळ-जवळ मारू नका. माप तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. उंची लिहिली नाहीत, मी पाच-आठ धरून चाललेय.

उनाड_ठाणेकर | १० जून, सकाळी ८:०५

पाच-दहा. व्यनि बघतो.